शेवटची कधी उघडली?

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि पाहण्यासारखं माझ्यात फारसं काही नाहीही. हाताच्या पंजाएवढ्या पत्र्याच्या डबीत बसलेली एक म्हातारी हार्ड डिस्क आहे मी. खास मापाचे बूट करणाऱ्या एका कारखान्यात, मापाच्या खोलीत, टेबलाखालच्या संगणकात माझं बिऱ्हाड आहे. डोक्यावर पंखा घरघरतो, भोवती चामड्याचा भुगा साचतो आणि महिन्यातून एकदा तरी कोणाचा तरी पाय संगणकाला लागतो. पाय लागला की तो माणूस वैतागून म्हणतो, "अरे, हे इथे कोणी ठेवलंय?" इतक्या वर्षांत "लागलं का गं?" असं मला एकानंही विचारलेलं नाही. पण मी आता तक्रार करत नाही. तक्रार केली की काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे, आणि तीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म मात्र थाटात झाला. ज्या खोलीत मी घडले तिथे धुळीचा एक कण आला तरी माणसं हळहळत. पांढरे कपडे, पांढरे मोजे, तोंडाला पांढरं फडकं, असे सगळे माझ्याभोवती हलक्या पावलांनी वावरत. माझ्या पोटात चकचकीत तबकड्या बसवल्या आणि त्यांच्यावरून फिरणारा एक नाजूक हात बसवला. तबकड्या मिनिटाला हजारो गिरक्या घेतात आणि तो हात त्यांना जराही न टेकता वाचतो नि लिहितो. टेकला की आमचा कारभार आटोपला. इतक्या लाडानं घडवून मला शेवटी कुठे पाठवलं, तर जिथे दिवसभर चामडं कापतात, घासतात आणि झटकतात तिथे! पहिल्या दिवशी मला रडूच आलं.

पण हळूहळू मला हा कारखाना आवडू लागला. इथले बूट दुकानाच्या फळीवर मिळत नाहीत. कोणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड असतो. कोणाचा चवडा आत वळलेला असतो, कोणाच्या पायाला अपघातानंतर तीनच बोटं उरलेली असतात. अशी माणसं इथे भिंतीला धरून, काठी टेकत, कण्हत येतात. पंधरा दिवसांनी नवे बूट घालून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवतात, आणि चालता चालता हसू लागतात. टेबलाखालून मला सगळं दिसत नाही, पण पावलांचा आवाज जमिनीतून माझ्यापर्यंत येतो. येतानाची पावलं आणि जातानाची पावलं यातला फरक मला बरोबर कळतो.

हे सगळं ज्यांच्या जिवावर चालतं त्या म्हणजे मावशी. त्या नक्की कोणाच्या मावशी हे कोणालाच ठाऊक नाही. चामडं कापणारे रापीवाले त्यांच्याहून वयानं मोठे, तेही त्यांना मावशीच म्हणतात. गिऱ्हाइकाच्या पायाचं माप मावशी घेतात, नकाशा मावशी काढतात, आणि बूट दोनदा-तीनदा घालून पाहिल्यावर कुठे बोचतं, कुठे सैल पडतं हे विचारून तो नकाशा मावशीच दुरुस्त करतात. एकदा तो जमला की माझ्या पोटात ठेवून देतात. पाय-१, पाय-२ असं करत करत सहाशे बारा पाय माझ्याकडे सांभाळायला आले.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यावर आहे. मावशी या फायली रोज उघडायच्या, पण बदलायच्या जवळजवळ कधीच नाहीत. बूट झिजतो, पाय तोच राहतो. गिऱ्हाईक दोन वर्षांनी नव्या बुटांसाठी आलं की मावशी त्याची फाईल उघडणार, चष्मा कपाळावरून नाकावर घेणार, पडद्याकडे टक लावून पाहणार, "हं, टाचेला अर्धं बोट जास्त," असं पुटपुटणार आणि कात्री उचलणार. फाईल जशीच्या तशी बंद. फक्त वाचायची, लिहायचं काही नाही.

लिहायचं काम माझ्याकडे असे. लिनक्स नावाचा आमचा कारभारी मोठा शिस्तीचा आहे. त्याच्या हुकमानं प्रत्येक फाईलीशेजारी मी तीन वेगवेगळ्या वेळा टिपून ठेवते. एक, आतला मजकूर शेवटचा कधी बदलला. दुसरी, फाईलीबद्दलची माहिती, म्हणजे तिचा मालक कोण, ती कोणी उघडायची असलं काही, शेवटचं कधी बदललं. आणि तिसरी, फाईल शेवटची कधी वाचली. कोणी वाचली ते मी लिहीत नाही, फक्त कधी. चहाड्या करणं आमच्यात बसत नाही. आणि फक्त शेवटची वेळ ठेवते, तिच्या आधीची पुसून टाकते.

ही तिसरी वेळ माझ्या जिवावर आली होती. विचार करा, तुम्हाला कपाटातली एक वस्तू नुसती पाहायची आहे, पण दर वेळी कपाट उघडलं की आधी धावत दुसऱ्या खोलीत जाऊन वहीत "आत्ता पाहिली" असं लिहून यायचं! मावशींनी सकाळच्या प्रहरी वीस फायली चाळल्या की मला वीस फायली वाचून दाखवायच्या, आणि वर वीस वेळा लिहायचं. तरुणपणी झेपलं. पुढे माझ्या नाकी नऊ येऊ लागले आणि मी कुरकुरू लागले. म्हणजे खरोखरच कुरकुरू लागले. टेबलाखालून कर्र कर्र असा आवाज येई.

मावशींना माझी दया आली. "अहो, ही हल्ली कण्हतेय बघा," त्यांनी गुरुवारवाल्यांना सांगितलं.

गुरुवारवाले म्हणजे आमचे संगणकवाले. एका जुन्या स्कूटरवर ते फक्त गुरुवारी येतात. शुक्रवारी काही बिघडलं तर ते सहा दिवस बिघडलेलंच राहतं. माणूस गोरागोमटा, पोट सुटलेला, स्वभावानं लाखात एक, पण विसराळूपणात त्यांचा हात कोणी धरणार नाही. एकदा ते स्वतःची स्कूटर इथेच विसरून रिक्षानं घरी गेले होते. त्या गुरुवारी त्यांनी टेबलाखाली वाकून मला कान लावला आणि निदान केलं, "म्हातारीला लिखाण फार होतंय."

संगणक सुरू होतो तेव्हा मला त्याच्याशी जोडून घेतात. त्याला माउंट करणं म्हणतात. मला कुठे जोडायचं आणि कोणत्या अटींवर, हे एका छोट्याशा यादीत लिहिलेलं असतं. गुरुवारवाल्यांनी त्या यादीत माझ्या नावापुढे एकच शब्द घातला: नोएटाइम. अर्थ असा की फाईल कितीही वेळा वाचा, वाचल्याची वेळ लिहायची नाही. बदलल्याची वेळ पूर्वीसारखीच लिहायची, ती अट तशीच राहिली. सुटले मी! कुरकुर त्याच क्षणी थांबली. फायली झटपट उघडू लागल्या. मावशींनी संगणकाच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "आता कशी शहाण्यासारखी चालतेय!" मित्रांनो, त्या थापेवर मी चार वर्षं काढली.

गुरुवारवाले तो शब्द घालून गेले आणि पुढच्या गुरुवारपर्यंत साफ विसरले. आपण काय केलं हे त्यांनी कुठेही लिहून ठेवलं नाही. माझं लिहिणं बंद करणारा माणूस स्वतःही लिहायला विसरला, आणि मला ते गमतीचं वाटलं. माझी ती गंमत पुढे मावशींच्या पोटावर येणार होती, हे मला कुठे ठाऊक होतं!

चार वर्षांनी कारखान्यात जावईबापू आले. मालकीणबाईंना आता जिना चढवेना, म्हणून लेकीच्या नवऱ्याच्या हाती त्यांनी कारभार दिला. जावईबापू वाईट नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते. कामाला चोख, बोलायला गोड, सकाळी सर्वांच्या आधी हजर. फक्त त्यांना याद्यांचं वेड. आल्या दिवशीच त्यांनी "कामाचे नियम" नावाची फाईल लिहून माझ्याकडे ठेवली. नियम बावीस. पुढे त्यात कानामात्राही बदलला नाही. रोज सकाळी नऊ वाजता ते सर्वांना मापाच्या खोलीत उभं करून, ती फाईल उघडून, बावीसच्या बावीस नियम मोठ्यानं वाचत. चौदावा नियम असा होता की संगणकावर चहाचा ग्लास ठेवू नये. तो वाचताना त्यांचा चहाचा ग्लास संगणकावर असे.

त्यांनीच पायाचा फोटो काढणारं नवं यंत्र आणलं. काचेवर उभं राहायचं, की पायाचं चारी बाजूंनी चित्र तयार. चित्रं अवाढव्य, आणि माझ्या पोटात जागा उरली नव्हती. गुरुवारवाले म्हणाले, "एक तर नवी डिस्क आणा, नाहीतर जुन्या फायली काढा."

"नवी कशाला?" जावईबापू म्हणाले. "ज्या कोणी वापरतच नाही त्या काढू."

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. नवी आली की माझी रवानगी अडगळीत, हे काय मला कळत नव्हतं? पोट हलकं होईल, नोकरी टिकेल, आणखी काय पाहिजे? मी अगदी खुशीत गिरक्या घेतल्या.

आणि जावईबापूंनी अटही कशी न्यायाची घातली! तीन वर्षांत जी फाईल बदललेली नाही आणि तीन वर्षांत जी एकदाही वाचलेली नाही, तेवढीच काढायची. कुठलाही शहाणा माणूस मान डोलावेल अशी अट. गुरुवारवाल्यांनी तशी आज्ञा कागदाच्या कपट्यावर लिहून दिली. सोमवारी जावईबापूंनी ती चालवली आणि पडद्यावर यादी धो धो पडू लागली. सहाशे बारा पायांपैकी पाचशे सत्तेचाळीस. नव्या गिऱ्हाइकांची पासष्ट मापं तेवढी बचावली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी लिहिलंच नव्हतं! चार वर्षं मावशी रोज त्या फायली उघडत होत्या आणि मी ढिम्म बसले होते. प्रत्येकीच्या नावापुढे वाचल्याची वेळ चार वर्षांपूर्वीची, नोएटाइम घातला त्याच्या आधीची. बंद पडलेल्या घड्याळासारखी ती तिथेच थांबली होती.

जावईबापूंनी यादी माझ्याकडे एका फाईलीत साठवली. तिला नाव दिलं "काढायच्या फायली". मग तिची छापील प्रत भिंतीवर लावली. खाली लिहिलं: गुरुवारी दुपारी बारा वाजता. आणि ते मालकीणबाईंना फोन लावून हळू आवाजात बोलू लागले. हळू म्हणजे माझ्यापासून दीड हातावर.

"सासूबाई, मला सांगायला अवघड वाटतंय. नवी गिऱ्हाइकं सोडली तर मावशींनी चार वर्षांत एकही माप उघडलेलं नाही. हो. यंत्रावर स्पष्ट दिसतंय. मग त्या दिवसभर करतात काय? बूट रापीवाले करतात. मापं आता यंत्र घेईल. मला वाटतं पुढच्या महिन्यापासून मावशींनी घरी आराम करावा... हो, मानानं निरोप देऊ. शाल वगैरे देऊ."

शाल! मी जीव खाऊन कुरकुरले. कर्र कर्र कर्र. जावईबापूंनी टेबलाखाली पाहिलं आणि फोनवर म्हणाले, "आणि ही डिस्कसुद्धा जाणार बहुतेक."

दुपारी मावशींनी चष्मा नाकावर घेऊन यादी वाचली. बोट अठ्ठ्याऐंशीवर थांबलं. पाय-८८ म्हणजे टपालवाले काका. उजवा पाय दोन बोटं आखूड, आणि दिवसाला चार तास पायी फिरणं. त्यांच्या नव्या बुटांसाठी मावशी गेला आठवडाभर ती फाईल उघडत होत्या. बूट शुक्रवारी द्यायचे होते.

"जावईबापू, ही अठ्ठ्याऐंशी मी आत्ता, जेवायच्या आधी उघडली होती."

"मावशी, यंत्रात चार वर्षांपूर्वीची तारीख आहे."

"मग मी काय स्वप्नात उघडली?"

"तसं नाही म्हणत मी," जावईबापू मऊ आवाजात म्हणाले. "तुम्हाला मापं तोंडपाठ आहेत. त्यामुळे उघडल्यासारखं वाटत असेल."

मावशींनी चष्मा परत कपाळावर सरकवला. कोणी शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी चौपट परत केल्या असत्या. "वाटत असेल" चौपट करून कसं परत करायचं?

मग मंगळवारी आणि बुधवारी त्यांनी काय केलं माहीत आहे? एकेक फाईल उघडायची, पडद्यावरचं माप पट्टीनं खाकी कागदावर हातानं उतरवायचं, कागदाची गुंडाळी करून पिशवीत ठेवायची. फायली गेल्या तरी पाय जायला नकोत म्हणून. एका माणसाचा पाय म्हणजे तीन-तीन वेळा बूट घालून, कळा सोसून जमवलेलं माप, ते पुन्हा एका दिवसात घेता येत नाही. दोन दिवसांत एकवीस पाय झाले. पाचशे सव्वीस राहिले. बुधवारी संध्याकाळी मावशींच्या हातातून पेन्सिल दोनदा खाली पडली, ती घरंगळत माझ्यापाशी आली. मी त्यांना फायली जितक्या झरझर देता येतील तितक्या दिल्या. दुसरं मी काय करणार होते? लिहायची मला बंदी होती, आणि ती बंदी माझ्याच कुरकुरीनं आणली होती. जावईबापू दारातून हे पाहून गेले आणि रापीवाल्यांना म्हणाले, "आता बघा, कशा भराभरा उघडतायत."

गुरुवारी सकाळी गुरुवारवाल्यांची स्कूटर वाजली. नऊ वाजता सगळे नेहमीसारखे मापाच्या खोलीत उभे राहिले. मालकीणबाईसुद्धा आज एकेक पायरी करत वर आल्या आणि खुर्चीवर टेकल्या. शाल त्यांच्या मांडीवर होती. जावईबापूंनी फाईल उघडून बावीस नियम वाचले. मग घसा खाकरून म्हणाले, "आज बारा वाजता आपण..."

"एक मिनिट," मावशी म्हणाल्या. "बारा वाजायला वेळ आहे. तोवर मला एक माप घेऊ द्या."

"कोणाचं?"

"तुमचं."

सगळे गोंधळून जावईबापूंच्या पायांकडे पाहू लागले. जावईबापूंनीही पाहिलं.

मावशींनी गळ्यातली मोजायची टेप काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. "आमच्या कामात एक रीत आहे. एखाद्याचं माप कैच्या कै आलं, की त्याला 'तुझा पाय वाकडा' असं म्हणायचं नाही. आधी त्याच टेपनं स्वतःचा पाय मोजायचा. टेप ताणली गेली असेल तर तिथे कळतं. तुम्ही माझ्या पाचशे सत्तेचाळीस फायली मोजल्यात ना? आता त्याच आज्ञेनं तुमची 'कामाचे नियम' मोजा. शेवटची कधी वाचली, विचारा तिला."

जावईबापू हसले. "मावशी, ती तर मी रोज वाचतो. आत्ता सगळ्यांसमोर वाचली."

"मग यंत्रही तेच सांगेल. विचारा तर खरं."

गुरुवारवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दोन बोटांनी टकटक केलं. मी माझ्याकडे होतं ते उत्तर दिलं. पडद्यावर तारीख उमटली. तीन महिन्यांपूर्वीची. जावईबापूंनी फाईल लिहिली त्या दिवसाची.

 रापीवाले अगदी गंभीर आवाजात म्हणाले, "म्हणजे साहेबांनी नियम एकदाही वाचलेले नाहीत. आम्हाला आपलं वाचल्यासारखं वाटत असेल."

हशा असा उसळला की टेबल हललं. मालकीणबाईंनी शाल तोंडाला लावली. जावईबापूंचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं नाही, पण त्यांनी चहाचा ग्लास संगणकावरून उचलला, एवढं मला जाणवलं. आणि गुरुवारवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला, त्याचा आवाज तर सगळ्यांनीच ऐकला.

"नोएटाइम!" ते ओरडले. "अरे देवा. मीच घातला होता. ही कुरकुरत होती म्हणून."

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना तीनदा माझ्याकडे बोट दाखवलं, आणि ते खोटं नव्हतं. सगळं ऐकून जावईबापू भिंतीपाशी गेले, यादी काढून तिची घडी केली आणि मावशींसमोर उभे राहिले.

"मावशी, चुकलं माझं."

"टेप चुकली होती," मावशी म्हणाल्या. "पण टेप चुकू शकते हे लक्षात ठेवा." मग त्या गुरुवारवाल्यांकडे वळल्या. "आणि तुम्ही टेप कापली की तसं तिच्यावर लिहीत जा."

गुरुवारवाल्यांनी त्या छोट्या यादीतला जुना शब्द पुसून नवा घातला: रिलेटाइम. हा मधला मार्ग आहे. दर वाचनाला धावायचं नाही. आधीची वाचल्याची वेळ फाईल बदलण्याच्याही आधीची असेल, किंवा त्या वेळेला चोवीस तास उलटून गेले असतील, तरच नवी वेळ लिहायची. मला पुन्हा नव्या अटीवर जोडून घेतलं आणि मावशींनी सर्वांसमोर पाय-८८ उघडली. चार वर्षांनी मी लिहिलं! तारीख आजची, वेळ नऊ एकोणचाळीस. जावईबापूंनी लगेच विचारलं, "आता परत उघडली तर?"

"आता परत उद्या," गुरुवारवाले म्हणाले. "म्हातारी आहे. दिवसातून एकदा पुरे."

टपालवाले काका शुक्रवारी नवे बूट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मी जमिनीतून ऐकलं. दोन्ही पावलं सारखी पडत होती. शाल मालकीणबाईंनी मावशींनाच दिली, पण निरोपाची म्हणून नाही, खोलीत पंख्याचा वारा फार लागतो म्हणून. आणि फोटोंसाठी नवी डिस्क आली. तिच्या पोटात काहीच फिरत नाही, त्यामुळे ती कधी कुरकुरत नाही आणि तिच्याशी बोलण्यातही काही मजा नाही. मावशींच्या फायली मात्र माझ्याकडेच राहिल्या.

जावईबापूंचं याद्यांचं वेड काही सुटलं नाही. आता ते रोज संध्याकाळी आज काय काय वाचलं गेलं हे पाहून वहीत उतरवू लागले. महिन्याभरात त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे पाय उघडले जात, पण पाय-१ जवळजवळ रोज. त्या मापाचे बूट तर कित्येक वर्षांत कोणी मागितले नव्हते.

"मावशी, पाय-१ तुम्ही रोज का उघडता?" त्यांनी एका सकाळी विचारलं. "मंगळवारी तेवढी उघडली नव्हती."

"मंगळवारीही उघडली होती."

या वेळी जावईबापू "वाटत असेल" म्हणाले नाहीत. त्यांनी गुरुवारची वाट पाहिली आणि गुरुवारवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "सोमवारी नऊ पाचला उघडली आणि मंगळवारी नऊ दोनला, तर चोवीस तास भरत नाहीत. मग नोंद होत नाही." जावईबापूंनी वहीत मंगळवारपुढे स्वतःच्या हातानं "उघडली" असं लिहिलं.

मग मावशींनी पाय-१ ची हकिकत सांगितली. मीही ती पहिल्यांदाच ऐकली. त्यांनी काढलेलं ते पहिलं माप. गिऱ्हाईक म्हणजे एका खानावळीतला वाढपी, दिवसभर उभा. डाव्या टाचेला द्यायची उंची मावशींनी उजव्या टाचेला दिली. तो नऊ महिने ते बूट घालून उभा राहिला, आणि शेवटी आला तेव्हा म्हणाला, "ताई, बूट छान झालेत. माझा पायच बिघडत चाललाय."

"दुसरं माप त्याच दिवशी काढलं," मावशी म्हणाल्या. "ते पुढच्या आकड्याखाली ठेवलंय. पण पाय-१ काढून टाकली नाही. रोज सकाळी एकदा बघते, आणि मगच कात्रीला हात लावते."

जावईबापूंनी वही मिटली.

मित्रांनो, मी आता थकले आहे, आणि फार काही मागायचं माझं वय नाही. एवढंच सांगते: कोणाच्या नावापुढे काही लिहिलेलं सापडलं नाही, तर त्यानं काही केलंच नाही असं ठरवण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा, तुला लिहायची मुभा तरी होती का? आणि टेबलाखाली पाय लागला तर "लागलं का?" असं म्हणा. आम्हाला बरं वाटतं.

त्या पाचशे सत्तेचाळीस पायांची यादी, "काढायच्या फायली", अजून माझ्या पोटात आहे. जावईबापूंनी ती काढली नाही. रोज सकाळी, बाकीचे यायच्या आधी, ते ती उघडतात, वरपासून खालपर्यंत वाचतात, एक अक्षरही न बदलता बंद करतात आणि मग नियमांसाठी सगळ्यांना हाक मारतात. मी वेळ टिपते. कधी कधी ते कालच्यापेक्षा तीन मिनिटं लवकर येतात, चोवीस तास भरत नाहीत, आणि त्या दिवसाची नोंद होत नाही. पण त्या दिवशीही त्यांनी ती वाचलेली असते. मी तिथेच असते ना.